मागचं डावं चाक आणि आत्याचं माहेर

पुण्याहून गोंदियाला गाडीनं जाते म्हटल्यावर आमच्या सोसायटीनं मला वेड्यात काढलं. रेल्वे आहे, नागपूरपर्यंत विमान आहे, आणि ही बाई पंधरा वर्षांचं जुनं धूड घेऊन, शेजारी ऐंशी वर्षांचे वडील बसवून निघाली! पण लोकांचं ऐकायची सवय मला नाही. आणि या खेपेला गाडी हाच तर मुद्दा होता.

ही मोठी गाडी मी जुन्या बाजारात घेतली ती एका बटणासाठी. तिच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवेनं भरलेले रबरी फुगे आहेत. बटण दाबलं की फुग्यांतली हवा निघून जाते आणि गाडी चांगली चार बोटं खाली बसते. माणूस आत टेकला की पंप हवा भरतो, गाडी पुन्हा उभी राहते. बाबांच्या खुब्यात दोन वर्षांपूर्वी लोखंड बसवलं, तेव्हापासून उंच गाडीत त्यांना चढता येत नाही आणि बुटक्या गाडीत बसले तर उठता येत नाही. या गाडीत दोन्ही जमतं.

आणि बाबांना दवनीवाड्याला जायचं होतं, त्यांच्या मोठ्या बहिणीकडे. तिला ते ‘बाई’ म्हणतात; माझी आत्या. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, दोन वर्षांत अंगणाबाहेर पाऊल नाही. दर भाऊबीजेला फोनवर ती एकच विचारायची, “मले माहेरी कधी नेतेस?” माहेर म्हणजे तिथून तासाभराच्या वाटेवरचं, वैनगंगेच्या अंगाचं एक गाव. आजी गेल्यावर बाबांनी तिथलं घर विकलं आणि आत्याला ते पत्रानं कळवलं. विचारलं नाही, कळवलं. बाबा दरवर्षी म्हणायचे, “नेतो बाई, पुढच्या वर्षी.” यंदा दसऱ्याला जेवताजेवता ताट बाजूला सारून ते म्हणाले, “मंजू, आता पुढचं वर्ष नको. मला तिचा मुऱ्हाळी होऊन जायचंय.”

लेकीला माहेरी न्यायला भाऊ जातो तो मुऱ्हाळी. ऐंशीव्या वर्षी, खुब्यात लोखंड घालून जाणारा मुऱ्हाळी मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मी लगेच गाडी सर्व्हिसिंगला टाकली.

दवनीवाडा, भाऊबीज

रस्त्याचं काही सांगत नाही, रस्ता तो रस्ताच. भंडारा मागे पडल्यावर मात्र बाबा खिडकीला नाक लावून बसले ते बसलेच. दोन्ही बाजूंनी धान. लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं, उशिराचं भारी अजून उभं, पिवळं. आम्हा पुणेकरांना तांदूळ पिशवीत उगवतो असंच वाटतं; इथं अंगणात, रस्त्याच्या कडेला, देवळाच्या ओट्यावर, जिथं पाहावं तिथं धान वाळत घातलेलं.

आत्या ओसरीत खाटेवर बसली होती. डोळ्यांनी तिला आता धूसर दिसतं, पण कान! आम्ही फाटकातून आत येतोय तोच तिनं विचारलं, “आला का रे?”

“आलो बाई.”

“इतका काऊन वाळला? पुण्यात भात नाही भेटत का?”

पन्नास वर्षं पुण्यात राहिलेले माझे बाबा, बँकेत सगळ्यांना शुद्ध बोलायला लावणारे, तिच्या पायाशी वाकायला गेले, वाकता येईना म्हणून तिचा हातच कपाळाला लावला आणि म्हणाले, “भेटते वो बाई. पण तुह्या हातचा नाही भेटत.” मी बघतच राहिले. हे बोलणं इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं यांनी?

“मुऱ्हाळी म्हणून आलो,” बाबा म्हणाले.

“आता? दात पडल्यावर?” असं म्हणत आत्यानं पदर डोळ्यांना लावला. मग जरा वेळानं हळूच विचारलं, “मी चढीन का पण गाडीत?”

मी गाडी अंगणात घेतली आणि बटण दाबलं. फुस्स करत गाडी खाली बसली. वामनदादा, म्हणजे आत्याचा साठीचा मुलगा, तोंडात बोट घालून पाहत राहिला. त्यानं आत्याला हाताला धरून आणलं. तिनं गाडीच्या पायरीची उंची काठीनं चाचपली, हसली, म्हणाली, “चढतो मी.” परवाचा दिवस ठरला, कारण उद्या पाहुणे यायचे होते. चौथ्या दिवशी आम्हाला निघायचंच होतं, बाबांची पुण्यात तपासणी होती.

रात्रीच्या जेवणाला लाखोरीच्या डाळीचे वडे होते. वहिनी गरम गरम तळून ताटात टाकत होती आणि “बस” हा शब्द तिला ऐकूच येत नव्हता. आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात, इथं वाढून झाल्यावर विचारतात. मी आठ खाल्ले. बाबांनी किती खाल्ले ते डॉक्टरांना सांगायचं नाही असं ठरलं आहे.

जेवण होतंय तोवर वामनदादानं नव्या तांदळाची दोन पोती माझ्या गाडीच्या मागच्या भागात टाकूनही दिली. “अरे दादा, अजून तीन दिवस आहेत!”

“जातानी तुमी नाही नाही म्हनता. आताच टाकून देल्ली.”

हात धुवायला बाहेर आले तर दादा गाडीखाली वाकून काहीतरी करत होता. मला वाटलं काही पडलं असेल. तशीच झोपायला गेले.

दुसरा दिवस

सकाळी गाडी सुरू केली. पुढचा भाग उठला, मागची उजवी बाजू उठली, मागचं डावं चाक मात्र मडगार्डमध्ये घुसलेलं ते तसंच. एका कुशीवर कललेली गाडी फार वाईट दिसते हो. पंप घरघरत राहिला. मी बंद केली, परत सुरू केली, परत बंद. असं चार-पाचदा केल्यावर पंपानंही घरघर सोडली आणि काचेसमोर पिवळा दिवा लागला.

मी डोकं चालवलं. पुण्याहून नागपूरपर्यंत ठीक, नागपूरहून इथवर ठीक, मग बदललं काय? तांदूळ! दोन पोती, तीही मागे. झालं तर. कुणाला न विचारता मी गड्याला हाक मारली आणि पोती उतरवून ओसरीत ठेवायला सांगितली.

आत्यानं पोतं टेकल्याचा आवाज ऐकला. “काय होय ते?”

“तांदूळ आत्या. गाडीला वजन होतंय.”

दुपारी ती जेवायलाच बसेना. वहिनीनं मला चुलीपाशी ओढून सांगितलं, “ताई, असं नाही करत जी. टाकलेला तांदूळ उतरवला म्हंजे नातं उतरवल्यावानी होते. त्यायच्या मनाले लागलं.” मला वाटलं, धरणी दुभंगावी. मी गणिताची मास्तरीण, वजन पाहिलं, बाकी काही पाहिलं नाही.

आणि एवढं करून गाडी काही उठलीच नाही. रिकामी गाडी तशीच डावीकडे कललेली.

गोंदियातल्या एका गॅरेजला फोन लावला. तिकडून उत्तर, “मॅडम, एअर सस्पेन्शन है? नागपूर से पूरा सेट आएगा. दस दिन लगेंगे.” बाबा जवळच उभे होते. त्यांनी ऐकलं. ते आत्याच्या खाटेवर जाऊन बसले. वरून बिरसीच्या वैमानिक शाळेचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. आत्यानं त्या आवाजाकडे मान वर केली, “हा नवा पोट्टा हाय. हात कापून राह्यला त्याचा.” मग बाबांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “जाऊ दे रे. पुढच्या वर्षी जाऊ.”

ते वाक्य तिनं म्हणायला नको होतं. बाबा रडले. मी त्यांना आई गेली तेव्हा पाहिलं होतं तसं रडताना, त्यानंतर आज.

संध्याकाळी वामनदादाच म्हणाला, “हवेचं काम हाय ना? तं मिलचा मानूस पायजे.” मला कळेना. मग उलगडा झाला: गोंदियाभर राइस मिल, आणि मिलमध्ये सॉर्टेक्स नावाचं मशीन असतं. तांदूळ धारेनं पडत असतो, मशीन त्यातला काळा दाणा ओळखतं आणि हवेची फुंकर मारून नेमका तेवढाच उडवतं. त्या हवेच्या नळ्या, त्यांचे सांधे, त्यांची गळती बघणारा एक सुखदेवभाऊ फुलचूरला राहतो. दादाचं धान त्याच्याच मिलला जातं. फोन झाला, सकाळी येतो म्हणाला.

माझा काही विश्वास नव्हता. तांदूळ निवडणाऱ्या मशीनचा मिस्त्री माझ्या गाडीला काय करणार?

तिसरा दिवस

सुखदेवभाऊ मोटारसायकलवर आले. पन्नाशीचे, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. गाडीला हात न लावता आधी भोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “दोनी बाजूनं बसते का एकाच?”

“एकाच. मागची डावी.”

“मंग पंपाले कायले दोष देता? पंप बिघडला असता तं पूरी गाडी बसली असती. एकच कोपरा बसते म्हंजे त्याच कोपऱ्याची हवा जाऊन राह्यली.” दोन वाक्यांत माझा कालचा अख्खा दिवस निकालात निघाला. “पंप मेला नाही जी. तुमी त्याले लय दमवलं, गरम झाला तं आपोआप बंद पडते. थंडा झाला आता. चालू करा.”

खरंच, पंप घरघरला. पण पुढचं काही करण्याआधी त्यांनी जॅक लावला, गाडीखाली सागाचे दोन ठोकळे दिले आणि सगळ्यांना दम भरला, “हवेच्या भरोशावर उभ्या गाडीखाली कोनी हात नाही घालाचा.” चाक काढलं. बादलीत शाम्पूची पुडी घोळली आणि ब्रशानं फुग्याला वरपासून खालपर्यंत फेस लावला. फुगा फाटला असेल तर फेसाला बुडबुडे येतात. आम्ही सगळे माना वाकवून बघत होतो. फुगा फाटका निघाला तर नागपूर, म्हणजे दहा दिवस, म्हणजे पुढचं वर्ष. बाबांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

बुडबुडा नाही. वरच्या सांध्याला लावला, तिथंही नाही.

“फुगा चांगला हाय,” सुखदेवभाऊ म्हणाले, “पण हवा तं जाऊन राह्यली. कुठून?” नळी गाडीच्या पोटाखालून पुढपर्यंत जाते, सगळीकडे ब्रश पोचेना. त्यांनी कान लावला. शेजारच्या खळ्यात धानाची मळणी चालू होती, त्या धडधडीत काही ऐकू येईना.

“ते मशीन बंद करा,” खाटेवरून आत्या म्हणाली.

मळणी थांबली. माणसंही गप्प झाली. आत्यानं डोळे मिटले, मान जरा डावीकडे केली.

“चाकापाशी नाही ते. समोरच्या अंगानं ये. अजून ये. तुह्या हातापासून वीतभर समोर. तिथं सुसवून राह्यली.”

सुखदेवभाऊंनी तिथं फेस लावला. फसफसून बुडबुडे आले! “आजी, मिलमध्ये नोकरीले येता का?” ते ओरडले, आणि आत्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

ते गाडीखाली चाचपत होते. हळूच त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि माझ्या मुठीत काहीतरी दाबलं. नळीचा बोटभर तुकडा, नुकताच कापून काढलेला. त्यावर बारीक दातांच्या खुणा, उंदराच्या. आणि गाडीच्या पोटापासून चाकापर्यंत जमिनीवर तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, चांगला जाड थर अंथरलेला. परवा रात्री दादा खाली वाकून हेच करत होता तर! आणि त्या तणशीच्या उबेला उंदीर आले होते.

“दादा, ही तणीस इथं कशी?” मी विचारलं.

वामनदादा सरळ मनानं म्हणाला, “मीच टाकली वो. त्या दिवशी सांजी ती फुस्स करून खाली बसली ना. मले वाटलं, दोन दिवसाची चालून आली, थकली बिचारी. आमचा म्हातारा बैल बसला का आमी त्याच्या पोटाखाली तणीस टाकतो. उघड्या जमिनीवर कायले बसू द्याचं?”

मग त्यानं सुखदेवभाऊंना विचारलं, “काय झालं होतं जी?”

सुखदेवभाऊंनी तणशीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “जुनी गाडी हाय,” ते म्हणाले. “नळी सडली होती.”

माझ्या जिभेला हाड नाही हे जगजाहीर आहे. शाळेत तेहतीस वर्षं मी ज्याची चूक त्याच्या पदरात घालत आले. पण त्या क्षणी मी तो तुकडा कमरेला खोचला आणि म्हटलं, “हो ना. पुण्यालाच बदलायला हवी होती.”

कापलेल्या जागी सॉर्टेक्सची निळी नळी बसली, दोन्हीकडे पितळी सांधे, आत ढकलले की खट् करून धरणारे. पुन्हा फेस. बुडबुडा नाही. चाक लावलं, ठोकळे काढले, गाडी सुरू केली. मागची डावी बाजू अंगुळ अंगुळ करत वर आली आणि गाडी सरळ उभी राहिली. दादानं टाळ्याच वाजवल्या.

“आता वजन टाकून पाहा,” सुखदेवभाऊ म्हणाले. “वजनावर टिकली तं खरं.”

मी आत्याजवळ गेले. खाटेपाशी खालीच बसले. “आत्या, चुकलं माझं. गाडी तांदळानं नव्हती बसली. तुझे तांदूळ ठेवू परत?”

ती थोडा वेळ काठीशी खेळत राहिली. “मले इचारतेस? उतरवतानी इचारलं होतं?”

“नाही.”

“मंग ठेव. आन परत उतरवजो नोको.”

पोती ठेवली. गाडी जरा दबली, पंप घरघरला, आणि दोन पोती पोटात घेऊन ती आपोआप पहिल्या उंचीवर आली. दादानं आत्याला आधीच तिथवर आणलं होतं. तिनं चाकावरच्या पत्र्यावर तळवा ठेवला होता; पत्रा तिच्या हाताखाली वर सरकला. “उचलते वो!” ती म्हणाली. “माहे तांदूळ उचलते.”

सुखदेवभाऊ जेवून गेले. तीन वाजता भाऊबीजेची नवी साडी नेसून आत्या तयार. मी बटण दाबलं, गाडी खाली बसली, बाबांच्या खांद्यावर एक हात आणि दादाच्या हातात एक हात देऊन आत्या पुढच्या सीटवर बसली. कुणाला उचलावं लागलं नाही.

वाटभर ती सांगत होती आणि आम्ही बघत होतो. वळण आलं की म्हणायची, “इथं मोहाचं झाड होतं ना?” कुठं होतं, कुठं नव्हतं. गावात घराच्या जागी कुणाचं तरी पक्कं घर उभं आहे, निळ्या रंगाचं. मी गाडी हळू केली. मागे बसलेल्या बाबांनी मान खाली घातली.

“थांबू नोको,” आत्या म्हणाली. “बोडीवर घे.”

बोडी म्हणजे गावाचं छोटं तळं. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले, काठावर एक बाई उकडलेले काळे शिंगाडे विकायला बसलेली. उतरून चालणं आत्याला जमणार नव्हतं. मी गाडी अगदी पाळीजवळ, तळ्याच्या बांधापाशी घेतली, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि बटण दाबलं. गाडी खाली बसली, आणि आत्याचे लोंबते पाय हळूहळू जमिनीला टेकले. तिनं चपला काढल्या. दोन्ही तळवे मातीवर ठेवले आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

बाबा काठी टेकत तिच्यासमोर आले. “बाई, घर विकताना तुला विचारायला हवं होतं मी.”

“हवं होतं,” आत्या म्हणाली.

एवढंच. मला वाटलं आता काहीतरी समजूतदार बोलेल. ती म्हणाली, “सिंगाडे घे. सोलून दे मले. लहानपनी सगळे एकटाच खात होतास.”

माझे बाबा दगडावर बसून शिंगाडे सोलत होते, एकेक तिच्या हातावर ठेवत होते. मी जरा लांब जाऊन उभी राहिले, कारण मला माझं तोंड लपवायचं होतं.

परत आल्यावर संध्याकाळी दादा पुन्हा तणशीचा भारा घेऊन गाडीकडे निघाला! मी धावले. “दादा, नको. हिला पुण्याची सवय आहे. मऊ अंथरुणावर हिची कंबर धरते.” त्याला ते पटलं. भारा नेऊन त्यानं बैलाला घातला.

पुणे

आता आम्ही घरी आहोत. गॅरेजवाला ती निळी नळी पाहून नाक मुरडतो, बदला म्हणतो. मी बदलू देत नाही. उंदरानं खाल्लेला तुकडा माझ्या कपाटात आहे आणि दोन पोत्यांतला तांदूळ अर्ध्या सोसायटीनं खाल्ला.

आत्याचा फोन आता भाऊबीजेची वाट पाहत नाही. रोज सकाळी सातला येतो. तब्येत विचारत नाही, जेवण विचारत नाही. “गाडी बसली तं नाही ना रे?”

बाबा काठी घेऊन उठतात, खिडकीशी जातात, मान वाकवून मागचं डावं चाक नीट पाहतात. मग फोनमध्ये सांगतात, “उभी हाय बाई. तू साडी काढून ठेव.”